दोन कॉलम, चार सेंटिमीटर

क्रीडापान सुटतं रात्री एकला.
मडगावहून स्कूटर काढावी, चिंचोणे मागं टाकावं,
असोळण्याचा पूल ओलांडेपर्यंत पावणेदोन.
गाव निजलेलं. साळ नदीही भरतीची वाट बघत पडून.
फक्त इनास कुलासोच्या बलकांवात
निळा उजेड हलत असतो,
सप्टेंबर ते जानेवारी, दर रविवारी.

"काय झालं?"
"तिसरा पाव चालू आहे."
त्या खेळात सामन्याचे चार पाव असतात,
चेंडू असतो न सोललेल्या नारळासारखा,
टप्पा पडून कुठे उडेल ते चेंडूलाही ठाऊक नसतं.
"आम्ही चौथ्या पावात हरतो," इनासबाब म्हणतो,
"पोदेर यायच्या आत."
आम्ही म्हणतो तो.
अमेरिकेतल्या पंचावन्न जणांना
असोळण्यात बसून, लुंगीवर, आम्ही.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात त्याची बोट
तिथल्या एका सरोवरात गोठली.
बर्फ सुटेना, पगार येईना.
काठावरच्या शहराचा एक संघ होता, फेरीमेन.
फेरीबोटींवर दोर ओढणाऱ्यांनी काढलेला, एकतीस साली.
अठ्ठेचाळीसला अजिंक्य, त्यानंतर कधीच नाही.
स्टेडियमच्या मागच्या फाटकावरचा म्हातारा
तारवटी दिसला की तिकीट विचारत नसे.
साठ हजार माणसांची ऊब, फुकट.
त्या दिवशी एकतीस गुणांनी हरलो, इनासबाब सांगतो,
आणि एक माणूस उठून गेला नाही.

मग सत्त्याऐंशी. मालकाने रातोरात
हेल्मेटं, बाकं, तो एकुलता चषक
ट्रकांत भरून संघ वाळवंटातल्या शहरात नेला.
नाव तेच ठेवलं.
नदी नाही, तळं नाही, आणि फेरीमेन.
"तेव्हा तरी सोडायचा," मी एकदा म्हटलं.
त्याने रस्त्यापलीकडे हनुवटी उडवली.
फुर्तादोंचं घर: लंडन. मिनेझिसांचं: टोरांटो.
कुलपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, गंज चढू नये म्हणून.
"ह्यांना सोडलंय का गावाने?
विजेचं बिल अजून इथंच येतं."

यंदा अकरा सामने, दहा हार.
मुख्य फेकणाऱ्याचा खांदा गेला, बदलीचा गुडघा,
आता फेकतो एक पोरगा,
जो जूनपर्यंत म्हणे गोदामात खोकी उचलत होता.
इनासबाब वही लिहितो, बोटीवर लिहायचा तशीच:
वारा, तापमान, गुण, आणि शेवटी एक शब्द.
गेल्या सोमवारचा शब्द: तरंगतोय.

काल साडेबाराला एक जाहिरात परत गेली. फरशीवाल्याची.
पानाला भोक: दोन कॉलम, चार सेंटिमीटर.
म्हापशाची कॅरम लावून झाली होती,
काणकोणची दोरीखेचही.
भोक तसं सोडता येत नाही.
मी फोन लावला. इनासबाब शिंकत शिंकत म्हणाला,
मध्यंतर. सतरा-सोळा. आम्ही पुढे.
मी तेच लावलं. मध्यंतरापर्यंत फेरीमेन आघाडीवर.
शेवट माहीत नव्हता, आणि छपाई थांबत नाही.

हरले अर्थात. चौथ्या पावात, सवयीप्रमाणे.
पण सकाळी पोदेराने भोंपू वाजवला तेव्हा
गोव्यातल्या एका तरी कागदावर
ते पुढे होते,
आणि इनासबाब ते कात्रीने कापत होता,
सांभाळून, कडेचं कॅरम न दुखवता.

दुपारी संपादकांनी बोलावलं. हे काय, कुणासाठी?
मी सांगणार तोवर टेबलावरचा फोन वाजला.
दिवसभरातला एकच. चिंचोण्याचा कुणी लिगोर बार्रेतो,
निवृत्त तारवटी, आवाज चढलेला:
सतरा-सोळा नव्हे हो, सतरा-चौदा!
छापता तर नीट छापा.

म्हणजे दर रविवारी मी
दोन निळ्या उजेडांसमोरून येत होतो
आणि एकच मोजत होतो.

संध्याकाळी इनासबाबला नंबर दिला.
चष्मा कपाळावर ढकलून त्याने तो वहीत उतरवला,
तापमानाच्या रकान्यात.
"चौदाच होते," म्हणाला. "मला शिंक आली."