तुलनेतलं घर

जिन्याला नाव नाही.
पायऱ्या दोनशे बारा. मी मोजल्या,
मोजणं हाच माझा धंदा.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
पत्र्याची घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी,
आणि खाली बंदरात क्रेन
भलत्याच कुणाच्या मालाची उचलठेव करतायत.

यास्नाचं घर कार्यक्रमातलं.
पूर्वी तिला पाच खिडक्या होत्या:
दवाखाना, नगरपालिका, शाळा, कोर्ट, घरकुलाचं ऑफिस.
पाची ठिकाणी तीच गोष्ट सांगायची,
नवरा कधी गेला, बाळाचं वजन किती,
पाचव्या खिडकीशी पोचेस्तोवर
तिची गोष्ट तिलाच खोटी वाटू लागायची.

आता एकच बाई येते, नेलिदा.
एकच वही, पाची खिडक्या तिच्या पिशवीत,
दर मंगळवारी, गुडघ्याला पट्टा बांधून.

मी विचारते: गेल्या सहा महिन्यांत किती भेटी?
कोणत्या सेवेचा सर्वाधिक लाभ झाला?
एक ते पाचमध्ये सांगा.

यास्ना गॅसवर पाव शेकत असते.
म्हणते, एकदा ती आली आणि काहीच विचारलं नाही.
बाळ घेतलं मांडीवर, मला म्हणाली, झोप.
दोन तास झोपले मी.
उठले तर भांडी तशीच पडलेली,
अन् ती बाळाला जहाजं दाखवत बसलेली.
ह्याला किती देऊ?

मी ‘इतर’वर खूण करते.
‘इतर’चा रकाना आमच्याकडे बोटभर रुंद.

मग शेजारचं दार.
एदेल्मिरा कात्रिलेओ. तुलनेतलं घर.
सोडतीत तिचं नाव निघालं नाही.
म्हणजे तिला नेलिदा नाही, वही नाही,
फक्त मी आहे, सहा महिन्यांतून एकदा,
तेच प्रश्न घेऊन,
तिच्याकडे काय नाही ते नीट मोजायला.
तिच्या पोराच्या छातीत
मांजर गुरगुरतं.

“चिठ्ठी कुणी उचलली?” ती विचारते.
संगणकानं, मी सांगते.
“त्याला मुलंबाळं आहेत?”

मी पुढचा प्रश्न वाचते: इस्पितळात काढलेल्या रात्री?
“या हिवाळ्यात एकही नाही,” ती म्हणते,
आणि जीभ चावते.
मागच्या हिवाळ्यात अकरा होत्या. माझ्याच अक्षरात.

मग हळूहळू बाहेर येतं.
मंगळवारी यास्ना भिंतीवर दोनदा ठोकते.
एदेल्मिरा पोराला कडेवर घेऊन पलीकडे जाते.
नेलिदा त्याच्या पाठीला कान लावते,
फवाऱ्याचं औषध ओढायचं कसं ते शिकवते,
पोराला दहापर्यंत उलटे आकडे म्हणायला लावते.
वहीत काही लिहीत नाही.

“लिहू नका हो तुम्हीपण. तिची नोकरी जाईल.”

आमच्या भाषेत याला दूषित तुलना म्हणतात.
भिंत झिरपली की दोन घरांतला फरक कमी होतो,
फरक कमी झाला की तक्त्यात कार्यक्रम फिका पडतो,
फिका पडला की डिसेंबरात पैसा थांबतो.
म्हणजे दोन्ही घरं बरी झाली
तर कागदावर एकही बरं झालं नाही.
हे गणित मी तिला समजावून सांगितलं नाही.
तिनं दिलेला पाव खाल्ला. लोणी फॉर्मवर सांडलं.

उतरताना पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या.
धुकं वर चढत होतं, माझ्या शेजारून,
एक पिवळा कुत्रा त्याच्या पुढे पुढे,
जणू त्यालाच घर दाखवायचंय.

रात्री, खानावळीच्या डुगडुगत्या टेबलावर,
शेवटचं पान उघडलं.
निरीक्षकाची टिप्पणी. ऐच्छिक. तीन ओळी.
नेलिदाचं नाव घातलं नाही.
लिहिलं: भिंत पातळ आहे.
दोनदा ठोकलं तर पलीकडे ऐकू जातं.
तिसरी ओळ बराच वेळ कोरी ठेवली,
पेनाचं टोपण लावलं, काढलं.

उद्या मंगळवार.