बांध मोडल्यावर

उद्यमबागेत रात्री साडेअकराला
टेस्ट-बेंचवरचा पंप
ठसका लागल्यासारखा थांबतो.
प्रेशर: एफ एफ एफ एफ, सगळे एफ.
म्हणजे पलीकडे कुणीच नाही.
कार्ड तर समोरच आहे, हिरवं, कोमट.

सोळा एमबीची त्याची खिडकी.
आजवर ती मी चार-चार केबीच्या तुकड्यांनी लावत आले,
चार हजार शहाण्णव नोंदी.
आज म्हटलं, मोठी पानं घालू. दोन-दोन एमबीची, आठच.
दोन्हीकडचे पत्ते रेषेवर बसवले, कॅश बंद ठेवली,
कारण ही साधी मेमरी नव्हे:
इथे लिहिलं की खाली व्हॉल्व्ह उघडतो,
नुसतं वाचलं तरी एखादी खूण पुसली जाते.

आठ नोंदी. किती मोकळं वाटलं सांगू.

आणि मग हे.

मष्णू बेळगुंदकर चहा ठेवतो.
पंपाशी तो कन्नडात बोलतो, माझ्याशी मराठीत,
शिव्या दोन्हीत.
मी सांगायला जाते, जुने तुकडे काढले,
त्याच जागी मोठं पान घातलं...
तो मध्येच:
"आमी चुलत्याचा तुकडा घेतला न्हवं, कडोलीला,
मधला बांध काढून सपाट केलं.
बैल मात्र बांध होता तिथंच वळायचा.
दोन वर्सं. मारून उपेग नाही."
"मग?"
"मग काय. विकला."

प्रोसेसर विकता येत नाही.
त्याच्या खिशात एक चिमुकली वही असते
नुकत्याच लागलेल्या पत्त्यांची,
दर वेळी मोठा तक्ता उघडायला नको म्हणून.
मी तक्ता बदलला, वहीला कळवलंच नाही.
तो इमानाने जात होता
नसलेल्या बांधापर्यंत.

एकच ओळ राहिली होती.
जुनं काढ, मग चारही कोअरना ते विसरायला लाव,
त्यांचा होकार येईतो थांब,
मगच मोठं लिही.
थांबणं मला नेहमीच जड जातं.

दोनला पंप सुरू. एकशे चाळीस बार, काटा स्थिर.
मष्णू ग्लास विसळतो, काही बोलत नाही.

बाहेर एकच रिक्षा.
बसता बसता मी पत्ता सांगते
पाडून पंधरा वर्षं झालेल्या टॉकीजचा.
रिक्षावाला पोरगा विशीतला, त्याने ती पाहिलीही नसेल.
"होय की," म्हणतो,
आणि बरोबर तिथे वळतो.