चौऱ्याण्णव

हियुमा बेटावर फायबर आलं समुद्राखालून,
मग रस्त्याकडेच्या चरातून, जुनिपरच्या मुळ्या चुकवत
थेट हेल्यूबाईंच्या दारापर्यंत.
दारापर्यंत हजार. मी स्वतः मोजले.
आत, टेबलावरच्या संगणकात, चौऱ्याण्णव.

"पैसे हजाराचे घेता," त्या म्हणाल्या,
चौथीत मला भूगोल शिकवायच्या त्याच आवाजात,
"उरलेले नऊशे सहा कुठे सांडले?"

कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, बंद करून चालू करा.
त्यांनी केलं. अकरा वेळा. वहीत तारखांसकट नोंद.
शेजारच्या पोराने राउटर खिडकीतून कपाटावर नेला,
कपाटावरून पुन्हा खिडकीत.
आकडा ढिम्म हलला नाही.
वाय-फायचा इथे संबंधच नव्हता, वायर होती.

चौऱ्याण्णव माझ्या ओळखीचा आहे.
सत्तर असता, कधी ऐंशी कधी साठ असता,
तर शोधत बसलो असतो दिवसभर.
इतका ठाम चौऱ्याण्णव म्हणजे
आठ तारांपैकी चारच बोलतायत,
आणि दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून मोकळी झालीयत:
चला, एवढ्यात भागवू.
कुणाला काही न सांगता.
दिवा तेवढा हिरव्याऐवजी पिवळा.

वायर खिडकीखाली भिंतीत शिरत होती
आणि उगवत होती स्वयंपाकघरात. मधलं देव जाणे.
"कुणी टाकली?"
"एंडेलने."

एंडेल म्हणजे रस्त्यापलीकडचा राखाडी दरवाजा.
चौदा वर्षं तो पलीकडे, त्या अलीकडे.
सगळ्या बेटाला ठाऊक. कुणी बोलत नाही.
"विचारून ये," त्या म्हणाल्या, स्क्रीनकडे बघत.

फेब्रुवारी होता, बर्फ गुडघाभर.
त्या दोन दारांमध्ये पायवाट नव्हतीच; मी पाडली.
एंडेल आला. बूट काढले नाहीत,
उंबऱ्याच्या आत एकच पाऊल,
आणि तिथूनच बोट:
भट्टीमागे, तिसरी फळी, खालून एक वीत.

बरोबर एक वीत.
फळी निघाली. आत उंदरांचा संसार,
वर्तमानपत्राचा भुगा, बार्लीचे दाणे,
आणि वायरीतली निळी जोडी कुरतडलेली, तांबं उघडं.
नारिंगी, हिरवी शाबूत.
"तेव्हा चार पुरायच्या," एंडेल म्हणाला.
मी मान हलवली.
तेव्हा पुरायच्याच.

नवी ओढली. टोकं कापली, आठ रंग ओळीत लावले.
क्रम लावताना माझे ओठ अजून हलतात,
पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे.
खट्. दिवा हिरवा.
नऊशे एक्केचाळीस.

"हजार का नाहीत?"
"बाई, बाकीचे पाकिटांवर पत्ते लिहिण्यात जातात."
हे मात्र त्यांना पटलं. भूगोलाच्या बाई;
पत्त्याला खर्च येतो, हे त्यांना कोण सांगणार.

एवढ्या वेगाचं त्या काय करतात तेही पाहिलं.
बेटावरच्या कुणा जुन्या फोटोग्राफरच्या काचेच्या प्लेटा, सहा हजार,
एकेक पुसून, स्कॅन करून, तार्तूच्या संग्रहालयाला धाडायच्या.
लग्नं. होड्या. टोपी घातलेलं एक वासरू.
आधी दहा प्लेटांचा घाणा जाईपर्यंत
कॉफी उकळायची, निवायची, पिऊन व्हायची.
आता कप भरायच्या आत वासरू तार्तूत.
"मग कॉफी कधी प्यायची?" त्या म्हणाल्या.
मला उद्देशून नसावं.
दाराशीही कुणी नव्हतं,
वितळलेल्या बर्फाचं एका बुटाएवढं थारोळं सोडून.

एंडेल कधीच निघाला होता. जाता जाता
जुनी वायर माझ्याकडून मागून घेतली,
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, नीट गुंडाळली.
"हिच्यात चार चांगल्या आहेत अजून."

त्याच्याकडेही आमचंच कनेक्शन.
ऑफिसात बसून मला दिसतं:
तिथेही चौऱ्याण्णव. ठाम.
तक्रार आलेली नाही.