चाळीस शब्द

साहेब म्हणाले, चाळीस शब्दांत बसवा.
निळ्या पत्र्यावर त्याहून जास्त मावत नाहीत,
आणि नारायण पेठेत माणूस थांबून वाचत नाही,
पार्किंग शोधता शोधता वाचतो.

मी लिहिलं:
विसाजी त्र्यंबक घोरवडेकर, मौजे पिंपळोलीचे इनामदार,
देशभक्त, येरवड्यात अठरा महिने,
या जागी विलायती कापडाची होळी...
असं करत करत अडतीस झाले.
'देशभक्त'च्या आधी 'थोर' घालावं का,
यावर एक बैठक झाली. चहा दोनदा.
घातलं.

होळीची यादी दप्तरात सापडली.
मोडी, शाई तांबूस पडलेली,
कारकुनानं जिन्नसवार मांडलेली:
मलमली धोतरं अकरा,
मँचेस्टरची ठाणं चार,
छत्री एक, मूठ काढून घेतलेली,
आणि तळाशी, ओळीखाली कोंबून,
'इमाम पखालीचा डगला, जुना,
सरकारांनीच दिलेला.'

तारीख माघातली.
पहाटे नदीवर पखाल भरताना
ओली पाठ कशानं झाकली असेल त्यानं,
ते कारकुनानं लिहिलेलं नाही.
त्याचं ते काम नव्हतं.
पान उलटलं की पुढे
पिंपळोलीचा खंड, वसूल, नेहमीप्रमाणे.

विसाजीपंत खोटा माणूस नव्हता हो.
येरवड्यात जात्यावर हात सोलले,
दोन दात गेले, माफीच्या कागदावर सही केली नाही.
सुटून आला तेव्हा लोकांनी बग्गीचे घोडे सोडून
बग्गी स्वतः ओढत आणली.
इमाम ओढणाऱ्यांत होता की नव्हता, माहीत नाही.

एका मसुद्यात मी त्याचा डगला घातला.
त्रेचाळीस शब्द झाले.
साहेबांनी पेन्सिलीनं मोजले, रागावले नाहीत,
फक्त म्हणाले, तीन जास्त आहेत,
आणि मोजून चार काढले.

अनावरणाला पणतू आले, बाणेरहून.
पडदा स्क्रूला अडकला.
चष्म्याच्या दुकानदारानं आतून
स्टूल आणून दिलं. पेढे चितळेंचे नव्हते,
त्यावर कुजबुज झाली.

रंगाऱ्याकडून 'थोर' राहून गेला.
पणतूंनी पाहिलं नाही, साहेबांनीही नाही.
मी पाहिलं, आणि बोललो नाही.
'देशभक्त'च्या आधी
चार बोटं निळं मोकळं आहे.
घडी नीट घातली, तर तेवढ्यात
एक डगला मावतो.