बल्ल्या काढण्याचा दिवस

एकवीस दिवस झाले.
नाल्यात पाणी घोट्याएवढं, त्यात सत्तावीस बल्ल्या,
काही साजाच्या, काही निलगिरीच्या,
खाली पाचर, वर फळी,
आणि फळीवर मोहटोल्याचा पूल,
साडेसहा मीटर, अजून एकही चाक न पाहिलेला.

उरकुडा वाढई हातोडीच्या दांड्यानं
एकेकीला वाजवत जातो.
एक टणकन बोलते, एक थप्प.
"हे भरली हाये मॅडम. हे रिकामी."
मी वहीत लिहीत नाही. असा रकाना नाही.

साकोलीच्या पॉलिटेक्निकात डोंगरवार सरांनी
फळ्यावर एक घन काढला होता, खडीसाखरेएवढा,
सहाही अंगांना बाण.
म्हणाले, हा धोंड्याच्या पोटात कापलाय असं समजा.
कापलाय, बाहेर काढलेला नाही.
शेजाऱ्यांनी जसं धरलं होतं
तसंच धरून ठेवलंय.
वरून जेवढं येतं तेवढं तो खाली देतो,
तेवढंच नाही, किंचित जास्त,
त्यात स्वतःचं वजन मिसळून.
आणि अंगाला घासून जाणारे बाण
जोडीजोडीनं सारखे हवेत,
नाहीतर बिचारा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरेल.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी अजून त्या भोवऱ्यापाशीच आहे.
एवढ्या धोंड्यात एकही कण फिरत नाही
आणि हे बघायला कुणी जात नाही.

"मधातून काहाडाचं," उरकुडा सांगतो, "मंग कडेकडे."
पाचर ठोकली, सुटली,
बल्ली पाण्यात आडवी.
दुसरी. पाचवी. नववी.
दर वेळी आत काहीतरी
आवाज न करता हात बदलत असणार,
वरचा थर आवळत,
खालच्या सळया ताठत,
भार दोन्ही काठांच्या भिंतींकडे सरकत.
डायलचा काटा तीन रेघा हलला
आणि थांबला.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
थांबलेलाच होता.

तेवढ्यात सायत्रा, डोक्यावर धानाचा भारा,
पुलाच्या बाजूनं नाल्यात उतरली.
"पूल झाला ना आता," मी म्हटलं.
"झाला असंल. आमच्या टाचेले अजून मालूम नाही."
मान दुखत नाही का, विचारलं
तर पाण्यात मधोमध उभी राहून म्हणाली,
"मानेत काय हाये? वझं टाचेत जाते.
मान नुसती वाट देते."
आणि गेली, भारा जराही न डुलता.
डोंगरवार सर तेव्हा फळा पुसत होते.

शेवटची बल्ली निघेना.
चिखलानं पाय धरला होता.
पाचर गेली, फळी गेली,
तिच्या आणि पुलाच्या मधे बोटभर उजेड,
तरी ती उभीच.
राहू द्या, पुरात जाईल, उरकुडा म्हणाला.
जाताना सवयीनं तिलाही वाजवलं.
थप्प.

मी वहीत लिहिलं,
बल्ल्या सत्तावीस. काढल्या सव्वीस.
शिल्लक एक,
रिकामी.