अकरा ग्रॅम

बर्बिसच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या भिंतीअलीकडे,
खांबांवर उभ्या घराच्या पोटाखाली
भगमनिया बसलीय साखरेच्या रिकाम्या पोत्यावर.
पुढ्यात चिंचेचा कोळ,
गिरणीवरून आणलेली तुसाची राख,
फाटक्या बनियनची चिंधी
आणि रांगता देव, वीतभरसुद्धा नाही.

पणजी कलकत्त्याहून निघाली
तेव्हा कारकुनानं नाव लिहून घेतलं,
गाव लिहिलं, जात लिहिली,
डाव्या पोटरीवरचा व्रणही लिहिला.
ओटीत काय आहे, हे मात्र विचारलं नाही.

नाक गेलं पणजीच्याच हाती.
ओठ आजीच्या.
डोळे आईच्या लग्नापर्यंत होते, असं सांगतात.
आता ते फक्त अंगठ्याला दिसतात.

दोन गुडघे, एक तळवा जमिनीला,
चौथा हात वर, त्यात लोण्याचा गोळा.
ऊसमळ्यातल्या चिखलात
सगळं घराणं असंच तर रांगलं:
तीन अंगं मातीत,
आणि एक हात वर, काहीतरी गोड सांभाळत.

गोळा तिच्या लहानपणी बोराएवढा होता.
आता वाटाण्याएवढा.
“झिजला गं,” ती एकदा म्हणाली होती,
तर रुकमिन, तिची आई, हातातलं न थांबवता बोलली,
“झिजतोय कशाला? खातोय तो.
बेतानं खातो. समजूतदार आहे पोर.”

टोरांटोहून डेरेकनं डबा पाठवला.
“एकदा हे लाव, आई,
दहा वर्षं बघायला नको.”
तिनं चष्मा लावून डबा वाचला.
हवा लागणार नाही,
पाणी लागणार नाही.
हात लागणार नाही, हे छापलेलं नव्हतं,
पण तिला ते वाचता आलं.
शेजारच्या मिस युलीनला देऊन टाकला डबा,
चर्चमधल्या दोन मेणबत्तीदाण्यांसाठी.
पितळ उघडं पडायला
आधी वरून मुलामा लागतो.
याचं काय उघडं पडणार?

मागच्या महिन्यात करगोटा तुटला
म्हणून ती बुधराम सोनाराकडे गेली.
त्यानं डाग दिला, सवयीनं काट्यावर ठेवलं,
मग बापाची वही काढली, एकसष्ट सालची,
आणि मान खाली घालून म्हणाला,
“मावशी, अकरा ग्रॅम कमी भरतोय.”
जणू त्यानंच चोरले होते.

बसची वाट न बघता ती चालत निघाली.
अकरा ग्रॅम.
चिंध्यांमध्ये किती, चुलीत गेलेल्या?
दारापुढच्या चरातून, खेकड्यांच्या बिळांवरून
समुद्रात किती?
आईला किनाऱ्यावर अग्नी दिला
तेव्हा तिच्या नखांच्या कडा हिरवट होत्या.
कोणी धुतल्या नाहीत.
तिच्यासोबत किती?

चिंच लावली की तो आधी गुलाबी होतो,
नुकत्या न्हालेल्या बाळासारखा,
मग राखेनं हळूहळू पिवळा.
काखेत, पोटऱ्यांच्या घडीत, कुरळ्या केसांत
ती कोळ घातलेली काडी फिरवते.
कानामागचं काळं तेवढं राहू देते.
आजीनंही राहू दिलं होतं.
तीट असावी एखादी.

वर फोन वाजतोय.
डेरेकच असणार, रविवार आहे.
मुलीला इंग्रजीच येतं त्याच्या,
आणि पितळेचा वास तिला आवडत नाही,
हात रात्रभर वास मारतात म्हणते.
खरंच आहे ते. मारतात.

भगमनिया उठत नाही.
नख लावून गोळा मोजते.
वाटाणाभर उरलाय अजून.
जपून घासलं तर दोघींना पुरेल.
एक ती.
चरात पाणी ओतत ती बसून राहते,
पिवळट ढग खेकड्यांकडे जाताना बघत.