चवीचा रकाना

पौष सरत आलेला. बामणोदला, फिरक्यांच्या गच्चीवर
पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी पडलेली,
साल तडकतेय, आतलं पाणी सुस्कारे टाकतंय,
आणि कठड्यावर थंडी खात उभ्या तीन बाटल्या,
मंजिरीने लियोंहून लोकरी मोज्यांत गुंडाळून आणलेल्या.

ह्यांच्यावर द्राक्षाचं नावच नाही, मी म्हणालो.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शाब्ली. फ्लरी. पोयाक.
"गावं आहेत ती, काका.
द्राक्ष कोणतं, ते गावावरून ओळखायचं."
सुपडूनाना जाळावरची नजर न काढता:
"मंग त्यात नवं काय भो?
वांग्याची जात कोन इचारतं बाजारात?
बामनोदचं हाये का, येवढंच इचारतात."

एकतीस वर्षं मी जळगावच्या प्रयोगशाळेत
लोकांची शेतं पिशव्यांतून उघडली.
सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश.
कार्डावर आकडे, खाली सही.
कुणी पाहत नसलं की चिमूटभर जिभेवर ठेवायचो.
तापीकाठचा गाळ किंचित गोड,
सातपुड्याच्या पायथ्याची करकरीत, लोखंडी.
कार्डात त्याला रकाना नव्हता.

शाब्ली आधी. स्टीलच्या पेल्यात,
म्हणजे रंग पाहायचा प्रश्नच मिटला.
मंजिरी सांगत होती, त्या गावाखाली जुना समुद्र आहे,
चुनखडीत बारीक शिंपले, अजून मोजता येतील असे.
हेमलतावहिनी, दुसरीच्या वर्गावर उभी हयात गेलेली,
"मी पिणार नाही हं, वासच घेते फक्त,"
पदर सावरून पेल्यावर वाकल्या,
आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.
मग म्हणाल्या: "पाटी.
ओल्या फडक्याने पुसलेली. वाळायच्या आधीची."
मंजिरीने काही न बोलता वही काढली
आणि ते लिहून घेतलं.

भरीत आलं. बडगीत ठेचलेलं, हिरवी मिरची,
कांद्याची पात, कळण्याची भाकरी.
फ्लरी त्याच्याशेजारी शहाण्या पाहुण्यासारखी बसली,
पातळ, लाल, गार; मिरचीला बोलू देत, धुराला बोलू देत.
पोयाकचं बूच निघेना, यंत्र लियोंलाच राहिलेलं;
लाटण्याच्या टोकाने आत ढकललं.
पहिला घोट डाळिंबाची साल चावल्यासारखा.
"हे भांडकुदळ हाये," नाना.
"तिला मटण लागतं, बाबा. बेताच्या मसाल्याचं. आणि वेळ."
"बेताच्या मसाल्याचं? मंग ते मटन कसलं?"

शाब्लीच्या बाटलीवर साल होतं. नानांनी बोट ठेवलं.
त्या वर्षी, मंजिरी म्हणाली, एप्रिलात दव गोठलं.
कोंब फुटलेले. रात्रभर वेलींच्या रांगांमधून
माणसं छोट्या शेगड्या पेटवत फिरत होती,
तरी अर्ध्याहून जास्त गेलं.
नाना गप्प. मग म्हणाले, "चरका."
तो शब्द आमच्याकडे केळीसाठी आहे.
दोन हिवाळ्यांपूर्वी पहाटे तीनला
ते आणि त्यांचा सालदार बागेच्या चारी बांधांवर
ओला कचरा जाळून धूर धरत होते,
आणि सकाळी पानं उकडल्यासारखी काळी.
"तठी बी?" त्यांनी विचारलं,
कुणाला, ते नीट कळलं नाही,
आणि पेला पुढे केला. शाब्लीच. अर्धाच.
तो त्यांनी अगदी हळू प्यायला,
मयतीच्या घरचा चहा पितात तसा.

रात्री पिशवीत एक जुनं कोरं कार्ड सापडलं.
पालाशखाली मी एक रेघ ओढली, लिहिलं: चव.
शाब्ली, ओली पाटी (हेमलतावहिनी).
फ्लरी, बोलू देते.
पोयाक, उद्या पाहू.
मग खाली लिहिलं: बामणोद.
आणि पेन तसंच हातात राहिलं.
मोरीत वहिनी बाटल्या विसळत होत्या,
तेलाला बऱ्या आहेत म्हणाल्या,
पण ह्या एकीत बूच आतच राहिलंय,
ते कसं काढायचं?